सोळा संस्कार: तुमच्या घरात खरोखर कुठले होतात?

कळशी
भाच्याच्या मुंजीची तयारी चालू आहे. कार्यालयात एक छापील पत्रक हातात पडलं, त्यावर आपले सोळा संस्कार ओळीने दिलेले: गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन, जातकर्म, नामकरण, निष्क्रमण, अन्नप्राशन, चौल, कर्णवेध, विद्यारंभ, उपनयन, वेदारंभ, केशान्त, समावर्तन, विवाह, अंत्येष्टी. आजीला विचारलं, यातले आपल्याकडे कुठले होतात? ती म्हणाली, "बारसं, उष्टावण, जावळ, कान टोचणं, मुंज, लग्न. बाकीचं गुरुजींना माहीत."

मग जरा वाचलं. सोळा हा आकडाही मुळापासूनचा नाही. गौतम धर्मसूत्रात चाळीस संस्कार आहेत, त्यात पंचमहायज्ञ आणि एकवीस यज्ञसंस्था, म्हणजे यज्ञांचे एकवीस प्रकार, हेही धरलेत. वर दया, क्षमा वगैरे आठ आत्मगुण वेगळे, आणि ते नसतील तर चाळीस असून उपयोग नाही असं तिथेच म्हटलंय. त्या चाळिसांत अंत्येष्टी नाहीच! आश्वलायन गृह्यसूत्रात तर सुरुवात गर्भापासून नाही, लग्नापासून होते. म्हणजे आधी घर, मग मूल. मला हा क्रम जास्त पटला.

एक शंका फार दिवस होती, तिचं उत्तरही मिळालं. जातकर्म, निष्क्रमण वगैरे कुणी केलेलंच नसतं, मग मुंज चालते कशी? तर मुंजीच्या आधी राहून गेलेल्या संस्कारांचं प्रायश्चित्त घेतात. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात त्याचा हिशेब दिलाय: राहिलेल्या प्रत्येक संस्काराला पादकृच्छ्र (कृच्छ्र या उपासाच्या व्रताचा पाव हिस्सा), चौल राहिलं असेल तर अर्धकृच्छ्र. आता तेही दक्षिणेच्या रूपाने. म्हणजे 1790 सालीच तो ग्रंथ लिहिणाऱ्या पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांना लोक काय काय टाळतात हे पक्कं ठाऊक होतं.

उलट बाजूने पाहा. डोहाळजेवण, पाचवी, बोरन्हाण, केळवण, हळद, देवक, सूनमुख, साठीशांत. यातलं एकही त्या पत्रकावर नाही. आणि घरात मोडलं तर ओरडा याच गोष्टींवरून होतो. तर मंडळी, तुमच्याकडे काय होतं, कोण करतं, काय सुटलं ते लिहा. जातीपातीचा आखाडा करू नका, पण जातीनुसार फरक असेल तर लपवूही नका.

माजघर
पाचवीवर माझा हक्क आहे, म्हणून आधी येते :)

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाटा-वरवंट्याची पूजा. शेजारी कोरा कागद आणि लेखणी, कारण रात्री सटवाई येऊन बाळाचं कपाळ लिहिते. आमच्याकडे रात्रभर दिवा विझू देत नाहीत आणि बाळाजवळ कुणीतरी जागं असतं. या सगळ्यात गुरुजी नाहीत, मंत्र नाही, बाप तर खोलीच्या बाहेर. पूर्वी सुईण असायची, तिला साडी-चोळी आणि शिधा. आता बाळंतपण इस्पितळात, त्यामुळे पाचवी कधी कधी डिस्चार्जच्या आदल्या रात्री येते. जावेने पाचवीला पाट्याऐवजी मिक्सरचं भांडं पुजलं होतं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

बारसं म्हणजे खरं तर दोन कार्यक्रम. सकाळी हवं तर गुरुजी येऊन तांदळात सोन्याच्या अंगठीने नाव लिहवून घेतात, ते झालं नामकरण. संध्याकाळी बायका. वरवंट्याला झबलं-टोपडं घालून तो पाळण्याखालून वरून फिरवायचा, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या", मग बाळ. आत्या कानात नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाधप बसतात. ओल्या नारळाच्या करंज्या राहिल्या तरी चालतील, घुगऱ्या आणि सुंठवडा हवाच. कुणालाही विचारा बारसं झालं का, लोक संध्याकाळच्याबद्दल बोलतात.

टवाळ_टपरी
मिक्सरचं भांडं 😂 सटवाईने नशिबात काय लिहिलं असेल, 'तीन स्पीड'?

दर्भासन
मी भिक्षुकी करतो, सांगली-मिरज भागात. वडीलही तेच करत. धागा चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या पिढीत आणि आता काय बदललं? गर्भाधान, पुंसवन सांगायला कुणी येत नाही. सीमंतोन्नयन क्वचित. डोहाळजेवण मात्र वाढलं, पण तिथे माझं काम नाही, तिथे फुलांचे दागिने आणि झोपाळावाला लागतो. मुंजी टिकून आहेत, पण मे महिन्यात, सुट्टीच्या हिशेबाने. समावर्तन, म्हणजे सोडमुंज, हे खरं तर बारा वर्षांच्या शिक्षणानंतरचं. ते आम्ही संध्याकाळी किंवा पुढच्या काही दिवसांत उरकतो, कारण पोराला सोमवारी शाळेत जायचं असतं. साठीशांत आणि सहस्रचंद्रदर्शन इतकं वाढलंय की काही महिन्यांत लग्नांपेक्षा जास्त. माणसं जगतात जास्त, त्याचा हा परिणाम.

लोकांना न दिसणारा पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विधी म्हणजे नांदीश्राद्ध. मंगलकार्याच्या आरंभी पुण्याहवाचनाबरोबर होतो. तीन पिढ्यांचे पितर बोलवायचे, पण नेहमीच्या श्राद्धासारखे नाही, आनंदाच्या रूपात: तिळांऐवजी जव, अपसव्य (जानवं उजव्या खांद्यावर घेणं) नाही. घरी लग्न आहे हे आधी गेलेल्यांना सांगायचं. आणि त्याला एक फार व्यावहारिक अंग आहे. नांदी झाली की कार्य सुरू झालं असं धरतात, मग मध्ये सुतक-सोयर आलं तरी कार्य अडत नाही. म्हणूनच नांदी किती दिवस आधी करता येते याची मर्यादा घातली: लग्नाला दहा दिवस, मुंजीला सहा, चौलाला तीन. वऱ्हाड निघालंय, जेवणाचे पैसे दिलेत, आणि मुंबईला चुलत आजोबा गेल्याचा फोन येतो. असं दरवर्षी एकदा तरी होतं. नांदी आधी उरकली असेल तर मी शांतपणे सांगू शकतो की पुढे चला.

कळशी
चुलत आजोबांचं वाईट वाटतंय, पण ही सोय भारी आहे.

रांगडा_पाव्हणा
काका, लिहिलंय झकास. पण 'आपले सोळा संस्कार' म्हणजे कुणाचे, हे विचारायलाच पायजे.

कोल्हापुरात 1899 साली पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. कारण काय, तर वेदोक्ताचा, म्हंजे वेदातल्या मंत्रांचा, अधिकार नाही. साक्षात छत्रपतींना! त्यातनं वेदोक्त प्रकरण पेटलं, राजोपाध्यांची इनामं गेली, आणि 1920 मध्ये महाराजांनी थेट क्षात्रजगद्गुरूचं पीठच उभं केलं. आज कार्यालयात मराठ्याच्या लग्नाला वेदोक्त लावतात तेव्हा हे कुणाच्या ध्यानात नसतं. त्याच्याही आधी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजीविना पहिलं लग्न लावून दाखवलं. वधूवरांनी एकमेकाला वचनं द्यायची, मंगलाष्टकं मराठीत. 1890 ला जोतीराव गेले तवा अंत्ययात्रेत पुढं टिटवं (अग्नीचं मडकं) धरून सावित्रीबाई चालल्या. हा संस्कार कुठल्या यादीत बसवायचा?

आता आमच्या घरचं. आमच्याकडं लग्न म्हणजे देवक. पंचपल्लव, कळंब, ज्याचं जे असंल ते. हळद लागायच्या आधी मारुतीच्या देवळातनं वाजतगाजत आणून मांडवात बांधायचं. दोघांचं देवक एक निघालं तर सोयरीक तिथंच मोडते, पत्रिका नंतर. लग्न झाल्यावर गोंधळ किंवा खंडोबाचं जागरण घातल्याशिवाय नवऱ्यामुलीला देव लागला असं धरत न्हाईत. तिथं गोंधळी, वाघ्या-मुरळी. जावळ काढायचं तर जोतिबाला किंवा जेजुरीला, मामाच्या मांडीवर. मांडवात कुंभाराची बोळकी, परटाच्या पायघड्या, कासाराचा चुडा, न्हाव्याचं काम येगळं. गावातल्या निम्म्या घरांचा हात लागल्याशिवाय लग्न व्हायचं न्हाई. भटजी त्यातला एक, एवढंच.

दर्भासन
मान्य. माझ्या आजोबांच्या वहीतही कुंभार-परटांच्या मानाची यादी आहे, मंत्रांच्या आधी.

तारीख_पे_तारीख
कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाची एक भर. विधी 'हौस' आहे असं समजू नका. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 7: वधू किंवा वर, दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण.

आपल्याच राज्यातला भाऊराव लोखंडे खटला, सर्वोच्च न्यायालय, 1965. बायको असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप. दुसरं लग्न 'गांधर्व' पद्धतीने लागलं होतं. काही विधी झाल्याचा पुरावा होता, पण होम आणि सप्तपदी झाल्याचा नव्हता, आणि त्या समाजात ते दोन्ही रूढीने गळाले आहेत हेही सिद्ध झालं नाही. मग दुसरं लग्न कायद्याने लागलंच नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही. सुटला. सात पावलं न चालण्याचा फायदा कुणाला होतो ते बघा. पहिल्या बायकोला फसवणूक झाल्याचं कळतं, पण न्यायालयाला दुसरं लग्नच दिसत नाही.

आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं तर हिंदू विवाह होत नाही. व्हिसासाठी 'आधी कागद, विधी नंतर डिसेंबरात' करणारी जोडपी माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावं, तिथे विधी लागत नाहीत. दोन्हीच्या मध्ये लटकू नये. छायाचित्रकाराला सांगा, मंगळसूत्राचे चाळीस फोटो आणि सप्तपदीचा एकही नाही, असा अल्बम आम्हाला उपयोगाचा नसतो.

टवाळ_टपरी
म्हणजे सातव्या पावलावर रिटेक घेतला तर दोनदा लग्न?

डहाणू_लोकल
वकीलसाहेब, दोघांपैकी एकाची 'रूढी' म्हणालात म्हणून लिहितो. मी डहाणू-तलासरी पट्ट्यात शिक्षक आहे. वारली लग्नात लग्न लावते ती धवलेरी. बाई! तिच्या गाण्यांवर लग्न चालतं, ती गाणी पाठ असणं हीच तिची विद्या. सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी, आणि बाजूच्या चौकटीत पंचशिऱ्या. चौक पुरा होऊन देव त्यात आल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. शहरात लोक कपांवर, पडद्यांवर वारली चित्रं घेतात. तो मूळचा लग्नविधी आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

याला हिंदू संस्कार म्हणायचं की नाही यावर आमच्याकडेच दोन मतं आहेत, त्यात मी शिरत नाही. पण पुण्यात 'स्त्रिया पौरोहित्य करू लागल्या' ही बातमी होते, तेव्हा मला धवलेरी आठवते.

सहाण
बातमी व्हायला हवीच होती, डहाणू_लोकल. धवलेरीला कुणी 'तुला अधिकार नाही' म्हणत नव्हतं, आम्हाला म्हणत होते.

मी पुण्यात शिकून पौरोहित्य करते. आधी शंकरराव थत्ते यांनी उद्यान कार्यालयात बायकांचे वर्ग घेतले, पुढे ज्ञानप्रबोधिनीने अर्थासकट सुटसुटीत पोथ्या केल्या. मी मुलींच्या मुंजीही लावते. कुणी भुवया उंचावल्या की हारीत धर्मसूत्र दाखवते, त्यात स्त्रियांचे दोन प्रकार सांगितलेत, ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू, आणि ब्रह्मवादिनींना उपनयन, अग्नी, वेदाध्ययन सगळं आहे. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात हे सगळं मांडलंय. तेवढा खंड तरी प्रत्येक भिक्षुकाच्या घरी असावा.

मला खरी अडचण येते ती लोकांच्या घाईची. अर्थ सांगायला लागले की मागून खूण होते, 'ताई, केटररचा माणूस थांबलाय.' मंगलाष्टकं मात्र आठाची अठरा होतात, कारण प्रत्येक मावशीने एक रचलेलं असतं.

बेलफळ
सोलापूरहून. आम्ही लिंगायत. आमच्याकडे बाळाला जंगम स्वामींकडून लिंग मिळतं, मुलगा असो की मुलगी. मुंज नाही. सुतक पाळत नाहीत. पाच सुतकं मानायची नाहीत ही बसवण्णांपासूनची शिकवण: जन्माचं, मरणाचं, विटाळाचं, जातीचं, उष्ट्याचं. बसवण्णा काही काळ आपल्या मंगळवेढ्यात होते, त्यामुळे हे काही परकं नाही. आणि शेवटी दहन नाही. बसलेल्या स्थितीत, हातात इष्टलिंग देऊन, विभूती-बेल घालून समाधी. शेजाऱ्यांना पहिल्यांदा धक्का बसतो. व्यवहारात आता बरेच लिंगायत दहा दिवस पाळतातही, शेजारपाजाऱ्यांचं बघून. मला ते आवडत नाही, पण आईच्या पुढे बोलत नाही.

थेम्सकाठ
मरणाचा विषय आलाच आहे तर माझी गरज मांडतो. इथे इंग्लंडमध्ये माणूस गेला की डॉक्टरांचा दाखला, नोंदणी, मग दहनगृहाची तारीख. आठवडा-दोन आठवडे सहज जातात. मामा गेले तेव्हा दहन झालं त्या दिवशी पंचांगाने तेरावा उलटून गेला होता. दहाव्याचे पिंड आधी की दहन आधी? एका गुरुजींनी मृत्यूपासून मोजा म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी दहनापासून. नातेवाइकांत त्यावरून दोन तट. उघड्यावर चितेची परवानगी हवी म्हणून न्यूकॅसलचे देवेंदर घई न्यायालयात गेले होते. 2010 मध्ये अपील न्यायालयाने मानलं की वर मोकळी जागा ठेवलेल्या, भिंती असलेल्या बांधकामात हे बसू शकतं. पण आमच्या गावात अजून तरी पडद्यामागे पेटी सरकते आणि आपण बटण दाबतो.

दर्भासन
थेम्सकाठ, दोन्ही गुरुजी अर्धे बरोबर. जुना नियम असा: ज्याच्या घरी श्रौत अग्नी (अग्निहोत्राचा) आहे त्याचे दिवस दहनापासून, बाकी सगळ्यांचे मृत्यूपासून. आता अग्निहोत्री किती घरं उरली? तेव्हा आशौच, म्हणजे सुतक, मृत्यूपासूनच मोजा, ते दहनाच्या आधी संपलं तरी हरकत नाही. पिंड मात्र दहन झाल्यावर. दहाही पिंड एका दिवशी देता येतात, इथेही नोकरीवाले तसंच करतात.

आणखी एक, परदेशातल्या सर्वांना लागू. आईवडील गेल्याचं मुलाला कितीही उशिरा कळलं तरी कळलेल्या दिवसापासून त्याला पूर्ण दहा दिवस. इतर नातलगांना मात्र जितका उशीर तितके दिवस कमी होत जातात. जहाजांच्या आणि पत्रांच्याही आधीच्या काळातला नियम आहे, पण तुम्हाला चपखल बसतो. आणि कावळा नाही आला म्हणून जीव टाकू नका. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय आहेच, पुण्या-मुंबईत आम्ही सर्रास करतो.

माजघर
दर्भाचा कावळा कशाला, आमच्या सोसायटीतले कावळे चार घरची श्राद्धं खाऊन इतके माजलेत की पिंड ठेवायच्या आधीच शिवतात. 'सगळ्या इच्छा पूर्ण करू' म्हणायलाही वेळ देत नाहीत.

नदीकाठची
मी शिरोळ तालुक्यातली. हसताय ते बरं आहे, पण दहाव्याला नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं काय करतात ते कुणीच लिहिलं नाही. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी आणि मंगळसूत्र काढायचं, तेही चारचौघींत. हाही विधीच की. आमच्या शेजारच्या हेरवाड गावाने 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव करून हे बंद केलं. कोविडात तरुण माणसं गेली होती, घराघरात विशी-तिशीतल्या बायका. पंधरवड्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. बांगड्या फोडायच्या थांबल्या, पण हळदीकुंकवाला बोलावताना अजून बायकांचा हात अडखळतो. माझ्या चुलतबहिणीने मुलीच्या लग्नात गौरीहराशी स्वतः बसायचं ठरवलं तेव्हा विरोध केला तो तिच्याच नणंदांनी, पुरुष गप्प होते. शेवटी बसली. दर्भासनकाका, मला एवढंच सांगा, बांगड्या फोडायचा मंत्र पोथीत कुठे आहे?

दर्भासन
मंत्र नाही. विधवेने कसं राहावं याचे कडक नियम पुढच्या ग्रंथांत भरपूर आहेत, ते मी नाकारत नाही. केशवपनाचं समर्थन स्कंदपुराणातल्या काशीखंडावरून देत असत. पण अंत्येष्टीच्या मूळ प्रयोगात बांगड्यांचं काही नाही. उलट ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला मंत्र आहे, 'उदीर्ष्व नार्यभि जीवलोकम्'. आश्वलायनाने तो प्रेताजवळ बसलेल्या पत्नीसाठी सांगितलाय. दीर, शिष्य किंवा घरातला जुना सेवक यांपैकी कुणी तिला उठवायचं आणि म्हणायचं: ऊठ बाई, जिवंतांच्या जगाकडे ये, हा ज्याच्याजवळ तू बसली आहेस त्याचा प्राण गेला आहे.

रांगडा_पाव्हणा
ह्यो मंत्र तुमी म्हणता का काका, दहनाच्या वेळंला?

दर्भासन
म्हणतो. पण तो जिला उद्देशून आहे ती तेव्हा घाटावर नसते. तिला घरी ठेवलेलं असतं.

सहाण
मी घरूनच सुरुवात करते. तिरडी उचलायच्या आधी, तिच्यासमोर, मराठीत. आतापर्यंत कुणी अडवलं नाही. दोन-तीन ठिकाणी पुन्हा म्हणायला सांगितलं.

नदीकाठची
सहाण, तो मंत्र अर्थासकट इथे टाकाल का? बहिणीच्या गावात पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे, ठरावाला जोडायचा आहे.